टक्केसर

मागच्या महिन्यात चौधरीनं मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. आमचे सर निवृत्तीनंतर नागपूरला राहायला गेलेत आणि तिथून लोकांना पोकर शिकवतात, एवढं ऐकून होते. प्रत्यक्ष पाहिलं ते आता. मागे पांढरा फळा, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पत्त्यांचा कॅट. ‘पोकर हा नशिबाचा खेळ नाही,’ सर सांगत होते, ‘तो निर्णयाचा खेळ आहे. निकाल चुकू शकतो. निर्णय चुकता कामा नये.’ खाली कितीतरी लोकांनी हात जोडलेल्या खुणा टाकल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, ‘सर, आयुष्य बदललं.’

आयुष्यं बदलली हे खरं आहे. एक तर माझ्या ओळखीचंच आहे.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय करडी गावाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून. मी तिथं मराठी शिकवते, चौधरी खेळ शिकवायचा आणि सर गणित. ते उपप्राचार्यही होते. मुलांनी त्यांचं नाव टक्केसर ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं. ते चिडत नसत. उलट एकदा मला म्हणाले, “मुलं मला या नावानं हाक मारतात याची शक्यता नव्वद टक्के आहे, पण तोंडावर मारण्याची दोनसुद्धा नाही.” हे ते हसत हसत सांगत नव्हते. सरांना विनोद करता येत नव्हता. लोक हसले की विनोद झाला असावा, असं ते अनुमान काढत.

चहा विचारला तरी सरळ हो किंवा नाही यायचं नाही. “आत्ता साठ टक्के,” असं म्हणायचे. मेश्राम, म्हणजे आमचा शिपाई, बिचारा कप घेऊन उभा. साठ टक्के माणसाला चहा द्यायचा की नाही? शेवटी तो अर्धा कप भरायला शिकला. सर तेवढा पिऊन कप खाली ठेवत आणि आपलं उत्तर अचूक निघाल्याच्या समाधानात रुमालानं मिशा टिपत.

भंडाऱ्याहून यायला त्यांनी नवीन गाडी घेतली होती, पांढरी. आठ महिने झाले तरी तिच्या सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. आम्ही बाकीचे दुचाकीनं किंवा एसटीनं यायचो. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर सर आमच्यासमोरून जायचे, काच खाली करून नमस्कार करायचे आणि काच वर करून पुढे निघून जायचे. एकदा भर पावसात चौधरीनं धीर करून विचारलं, तेव्हा सरांनी त्याला गाडीतलं वजन आणि ब्रेक लागायला लागणारं अंतर यांचं नातं समजावून सांगितलं. पाच मिनिटं सांगितलं. चौधरी भिजत होता. सरांनी काच अर्धीच उघडली होती, आत थेंब येऊ नयेत म्हणून.

सर मूळचे लाखांदूरकडच्या दिघोरीचे. पण बोलण्यात त्याचा मागमूस राहू दिला नव्हता. ‘मला’, ‘तुला’, ‘का’, ‘कशाला’, सगळं छापील. वर्गात कुणी ‘मले येत नाही’ म्हटलं की ते थांबून ‘मला’ म्हणायला लावत. पण त्या पोराला काय येत नाही, हे विचारायचं राहून जायचं.

मोहाडीकडून येणारी एक मुलगी होती, बारावीतली. धावायची छान. तिला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. ती चौधरीला विचारायला आली, चौधरी मैदानावर होता, म्हणून तिनं सरांना विचारलं. सरांनी तिला बसवून कागदावर मांडून दाखवलं: जागा किती, फॉर्म किती येतील, तुझ्यासारख्या धावणाऱ्या किती. उत्तर आलं ते एक टक्क्याच्या आतलं. “तू मेहनत करशील, पण गणित तुझ्या बाजूला नाही,” ते म्हणाले. मुलगी कागद घडी करून घेऊन गेली आणि तिनं फॉर्म भरला नाही. तिच्या मैत्रिणीनं भरला आणि ती नापास झाली. सरांनी दोन्ही बातम्या सारख्याच मान हलवून ऐकल्या. मी म्हटलं, “सर, ती पास झाली असती कदाचित.” ते म्हणाले, “कदाचित म्हणजे किती?” अशा माणसाशी भांडायची सोय नसते. ज्यानं कुणाला डावात बसूच दिलं नाही, त्याचा अंदाज चुकणार कधी?

पोकर त्यांनी आणलं ते मधल्या सुट्टीत. फोनवर खेळून खेळून त्यांना कंटाळा आला होता. समोर माणसं हवी होती. आम्हाला तीन पत्ती आणि रमी ठाऊक. हा खेळ वेगळा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, कुणाला न दाखवायचे. मग मध्ये पाच पत्ते हळूहळू उघडायचे, ते सगळ्यांचे. त्यातून ज्याची जुळणी मोठी, तो जिंकला. दर पत्त्यागणिक बोली लावायची किंवा पत्ते टाकून बाजूला व्हायचं. पैसे नाहीत, प्राचार्यांनी तेवढी अट घातली होती. म्हणून मेश्रामनं घरून पिशवीभर चिंचोके आणले.

आम्ही तिघंच होतो. चौथा हवा होता. सरांनी मेश्रामला हाक मारली आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. “खेळापुरता बस,” म्हणाले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. घराणं ढिवरांचं, बाप-आजा तलावावर मासोळी धरणारे, आणि हा सकाळी जाळं टाकून, आंघोळ करून साडेदहाला कॉलेजात हजर असायचा. खेळापुरता बसला.

मी हे मान्य करते की सर शिकवायचे उत्तम. एका दुपारची गोष्ट: माझ्या हातात बदामाचे दोन पत्ते होते, मध्ये उघडलेल्या तिनांत बदामाचे दोन होते. पाचवा बदाम आला तर मी जिंकणार, नाही आला तर नाही. मी पत्ते टाकायला निघाले, तर त्यांनी माझा हात थांबवला. “मॅडम, बदाम किती?” तेरा. “दिसले किती?” चार. “उरले नऊ. न पाहिलेले पत्ते सत्तेचाळीस. म्हणजे जवळजवळ पाचात एक. कमी आहे ना? आता मध्ये बघा. नव्वद चिंचोके पडलेत आणि तुम्हाला राहायला फक्त दहा टाकायचेत. असा डाव दहादा खेळलात तर आठदा हराल, ऐंशी जातील. दोनदा जिंकाल, एकशे ऐंशी येतील. शक्यता कमी आहे म्हणून घाबरायचं नसतं. पत्ता काय येईल हे नंतर, मध्ये काय पडलंय हे आधी बघायचं.”

मला ते इतकं आवडलं की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. बदाम आला नाही, तो भाग वेगळा. पण पंचवीस वर्षांत गणित मला पहिल्यांदा समजलं होतं आणि त्यासाठी मी सरांची ऋणी होते. हे लिहिताना जिवावर येतं, तरी लिहिते.

मेश्राम मात्र काही मोजायचा नाही आणि तरी सगळ्यात मोठा ढीग त्याच्यासमोर असायचा. सरांना ते सहन होत नव्हतं. एकदा सरांकडे राजांची जोडी होती, मेश्रामकडे दुर्रीची. शेवटचा पत्ता दुर्री निघाली. सरांच्या तोंडून भस्सकन “काहून बे!” निघालं, थेट दिघोरीतून. मग लगेच सावरून त्यांनी चष्मा नीट केला आणि आम्हाला पाठ दिला: “माझा निर्णय बरोबर होता. निकाल चुकला. मेश्रामचा निर्णय चूक होता, निकाल बरोबर आला. यातला खरा खेळाडू कोण?”

“तुमीच, सर,” मेश्राम म्हणाला आणि चिंचोके ओढून घेतले.

नंतर मी त्याला व्हरांड्यात गाठून विचारलं, की तुला कळतं कसं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, “मॅडम, मले ते टक्के गिक्के समजत नाही. सरचे पत्ते जोरात असले का ते चष्मा पुसते. चष्मा पुसून राहिले का मी पत्ते टाकून देतो. राजाच्या डावात मातर माहं ध्यान नवतं. सांगू नका त्यायले.”

मी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली होती. प्राचार्य भंडाऱ्याला बैठकीला गेले होते आणि कॉलेज सरांच्या ताब्यात होतं. मधल्या सुट्टीत सरांच्या मनात आलं की स्टाफरूममध्ये एक फळा हवा. शक्यता तोंडी सांगून आम्हाला नीट कळत नाहीत. मागच्या पत्र्याच्या खोलीत मोडक्या बाकांखाली एक जुना फळा पडलेला होता. तो आणायला त्यांनी मेश्रामला पाठवलं.

मेश्राम फळा काखेत धरून आला. भिंतीला टेकवला, फडक्यानं पुसला, सगळं नीट केलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या मुठीत धरून म्हणाला, “सर, बाकाखाली कायतरी चावलं.”

मी बोट पाहिलं. एक खूण स्पष्ट, दुसरी नखाच्या कडेला, आहे-नाही अशी. आग होतेय, म्हणाला. साप दिसला का? नाही, अंधार होता. मी चौधरीला म्हटलं, चल, भंडाऱ्याला नेऊ. आमच्याकडे असं झालं की कुणी विचार करत बसत नाही.

“थांबा,” सर म्हणाले. त्यांनी खडू घेतला.

ते मी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. मेश्रामनं नुकताच आणलेला तो फळा. त्यावर सरांनी लिहिलं: साप, विंचू, उंदीर, खिळा. “साप असण्याचीच शक्यता निम्मी,” ते म्हणाले. “साप असला तरी शंभरातले ऐंशी बिनविषारी. विषारी असला तरी निम्म्या वेळा तो विष सोडत नाही.” हे आकडे त्यांनी कुठून आणले देव जाणे. त्यांनी गुणाकार केला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. पाच टक्के. “पाच टक्क्यांसाठी धावपळ करून माणसाला घाबरवण्यात अर्थ नाही. घाबरल्यानंच रक्तदाब वाढतो. मेश्राम, तू बस. पाणी पी.”

मेश्राम स्टुलावर बसला. “होते ठीक, मॅडम,” तो मला म्हणाला. सरांचा शब्द मोडायचा त्याला सराव नव्हता.

चौधरीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती एका बाळंतिणीला घेऊन निघाली होती, तासभर लागला असता. बाहेर पाऊस लागला होता. आणि दारात सरांची पांढरी गाडी उभी होती. तिची किल्ली टेबलावर चिंचोक्यांशेजारी पडली होती. मी तिच्याकडे बघत होते, चौधरी बघत होता. सर फळ्याकडे बघत होते.

वीस मिनिटांत बोट जांभळं झालं आणि हात मनगटापर्यंत सुजला. मी म्हटलं, “सर, गाडी काढा.”

“सूज विंचवानंही येते. म्हणजे आता आपल्याला शक्यता नव्यानं...”

“सर, पाचच टक्के असू द्या. पण मध्ये काय पडलंय ते बघा ना! तुम्हीच शिकवलंत. आपल्याला काय टाकायचंय? एक चक्कर. आणि मध्ये काय आहे?”

सर थांबले. डस्टर हातात तसाच. मला वाटलं, कळलं यांना. आणि त्यांना कळलंच होतं. ते न कळण्याइतके मूर्ख नव्हते. म्हणून तर ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, “हा खेळ नाही, मॅडम.”

चहापासून भरतीपर्यंत सगळ्याचा खेळ करणारा माणूस हे म्हणाला.

“मग किल्ली द्या, मी चालवतो,” चौधरी म्हणाला.

“दुसऱ्याच्या हातून काही झालं तर विमा मिळत नाही. आणि मला कॉलेज सोडता येणार नाही, मी प्रभारी आहे.” मग जरा हळू आवाजात, “त्याला उलटी होईल असं दिसतंय.”

उलटी त्याला झालीच, व्हरांड्यात. थुंकला तर थुंकीत रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं. तोवर चाळीस मिनिटं गेली होती. चौधरीनं मोटरसायकल काढली, मधे मेश्रामला बसवलं आणि त्याच्यामागे मी बसले, त्याला दोन्ही हातांनी धरून. पावसातून भंडाऱ्यापर्यंत. त्याची मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि तो मधूनमधून म्हणत होता, “मॅडम, तुमची साडी खराब होऊन राहिली.” पंधरा वर्षं एकत्र काम केलं, पण मी त्याला हात लावला तो पहिल्यांदाच.

घोणस होती. डॉक्टरांनी जखम पाहूनच सांगितलं, आणि दुसरी गोष्ट विचारली, की इतका वेळ कुठे होता. लस दिली. पण मूत्रपिंडं बंद पडली, त्याला नागपूरला हलवलं, डायलिसिसवर ठेवलं. बोट काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. अकरा दिवस त्याचं काही खरं नव्हतं. बाराव्या दिवशी लघवी झाली तेव्हा त्याच्या बायकोनं वॉर्डभर साखर वाटली. आता तो कामावर येतो. जाळं मात्र ओढवत नाही. ते त्याचा भाऊ ओढतो.

तेराव्या दिवशी सर मला म्हणाले, “आपण त्याला भेटून येऊ. माझ्या गाडीनं जाऊ.” त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले. नागपूरपर्यंत सीटचं प्लास्टिक कुरकुर वाजत होतं. मौद्यापर्यंत सर रस्त्यावरची नजर न काढता गाडी चालवत होते. मला वाटलं, पश्चात्ताप असेल. पण ते जुळवाजुळव करत होते. मौदा गेल्यावर म्हणाले, “मी ते पुन्हा तपासून पाहिलं, मॅडम. त्या क्षणी हातात जी माहिती होती तिच्यावरून निर्णय बरोबरच होता.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. उतरून मात्र गेले नाही.

मेश्राम खाटेवर टेकून बसला होता, निम्मा झालेला. हाताला पांढरं बँडेज. आम्हाला बघून उठायला लागला; त्याच्या बायकोनं त्याला दाबून बसवलं. ती करडीच्या बाजारात मासोळी विकते. मी तिच्याकडून कितीदा घेतली होती, पण नाव कधी विचारलं नव्हतं. तिनं सरांना स्टूल पुसून दिलं. “बसा, सर. तुमचे लय उपकार. फोन करत होते रोज, हे सांगत होते मले.”

सरांनी एकदाही फोन केला नव्हता. फोन मी करत होते. मी मेश्रामकडे पाहिलं. तो चादरीची कड सरळ करत होता.

सरांनी मोसंबीची पिशवी ठेवली आणि सुरुवात केली. मेश्रामला समजावून सांगायला ते खरंच आले होते. तळमळीनं बोलत होते, वाईट हेतू नव्हता. “मेश्राम, तुझ्या मनात किंतू राहू नये म्हणून सांगतो. एक, साप दिसला नव्हता. दोन, खूण एकच होती. तीन, ॲम्ब्युलन्सला एक तास लागणार होता. चार, माझी गाडी दारात होती, पण चार टक्के, पाच टक्के धोक्यासाठी...”

“गाडी होती?” मेश्रामची बायको म्हणाली.

बोलणं मधेच तुटल्यामुळे सर जरा वैतागले. “होती, तेच सांगतोय. पण त्या वेळी शक्यता...”

ती त्यांचं ऐकत नव्हती. ती नवऱ्याकडे वळली होती. “तुमी तं मले सांगतलं का गाडी नवती म्हून. सर गाडी घेऊन भंडाऱ्याले गेले होते म्हनले. म्हून फटफटीवर न्या लागलं म्हनले.”

मेश्रामनं मान फिरवली. तो भिंतीकडे बघत होता. तेरा दिवस, नळ्या लावलेल्या असताना, रक्त बदललं जात असताना, या माणसानं ती गाडी दारातून हलवून ठेवली होती. एका उपप्राचार्याची लाज राहावी म्हणून, की आपल्या बायकोला हे ऐकावं लागू नये म्हणून, मला माहीत नाही. आणि सरांनी ती गाडी चार नंबरचा मुद्दा म्हणून परत आणून उभी केली होती.

सरांना ते कळलंसुद्धा नाही. ते ‘पाच’ म्हणायला बोट उघडून बसले होते.

ती उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवलेला नव्हता.

“मॅडम, खरंच होती का गाडी?”

“होती,” मी म्हणाले. “किल्ली टेबलावर होती.”

“आन् तुमी? तुमी कुठी होत्या?”

मी चाळीस मिनिटं भांडले होते. साडी रक्तानं भरली होती. सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, आणि सरांच्या मुद्द्यांइतकंच ते सगळं बरोबरही होतं.

“तिथंच,” मी म्हणाले.